समोरचा उजेड

बाबा, तुम्ही मला दर रविवारी एक पान मराठी लिहायला बसवायचात. मी कंटाळून मोठी मोठी अक्षरं काढायचे, दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडायचे, आणि तुम्ही पान हातात घेऊन म्हणायचात, "यात लिहिलेलं कमी आणि कोरं जास्त आहे." मग मागच्या बाजूला पुन्हा. त्या रविवारांमुळेच हे लिहिता येतं आहे. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. मी आता त्रेपन्न वर्षांची आहे, आणि ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे त्या दिवशी तुम्ही एकोणचाळीसचे होतात. एवढ्या तरुण माणसाला मी इतकी घाबरायचे हे आता खरं वाटत नाही.

टेक्ससमधल्या अर्विंगचं ते अपार्टमेंट तुम्हाला आठवत असेलच. विटांची दुमजली इमारत, आपण खालच्या मजल्यावर. दार उघडलं की बैठकीची खोली, बाजूला किचन, आणि मागे जाणारा अरुंद पॅसेज. पॅसेजच्या डावीकडे बाथरूम, उजवीकडे माझी खोली, टोकाला तुमची आणि आईची. पॅसेजला खिडकी नव्हती, भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तिथं काही दिसायचं नाही. ऐंशीचं दशक अर्धं झालं होतं. आपल्यासारखी नागपूरकडची आणखी दोन कुटुंबं गावात होती, आणि महिन्यातून एका रविवारी आपण एकमेकांकडे बुद्धवंदनेला जमायचो. अशाच एका रविवारी घरी परत आलो तर दाराची चौकट फुटलेली. टीव्ही गेला होता, आईच्या दोन बांगड्या गेल्या होत्या. पण तुम्ही उभे राहिलात ते किचनच्या टेबलाशी. चोरानं फ्रिजमधला आदल्या दिवशीचा भात काढून खाल्ला होता. वाटी आणि चमचा तिथंच, खुर्ची मागे सरकवलेली. तुम्ही त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहत राहिलात. "बसून खाल्लं," एवढंच म्हणालात. पुढच्या शनिवारी तुम्ही रिव्हॉल्व्हर आणलंत. मासेमारीचे गळ आणि कॅम्पिंगचे तंबू जिथं मिळायचे त्याच दुकानातून. आणि त्याबरोबर एक टॉर्च, काळी, लोखंडी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि उचलताना मनगट वळेल इतकी जड.

आईनं ते दोन्ही कपाटात ठेवू दिलं नाही. "ज्या घरात सकाळी पंचशील म्हणते त्या घरात हे काहून आणलं तुम्ही?" ती म्हणाली. तुम्ही ते दोन्ही उचलून पलंगाशेजारच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंत. मला मात्र त्याचं कारण तुम्ही एकदा गाडीत सांगितलं होतं. का ते मला कळलं नाही, मी काही विचारलं नव्हतं. तुम्ही सहा वर्षांचे असताना तुमच्या वस्तीवर माणसं आली होती, गावातली, रोजची ओळखीची. विहिरीवरून काहीतरी झालं होतं. त्यांच्याकडे काठ्या होत्या, पण तुम्हाला आठवत होत्या त्या गॅसबत्त्या. प्रत्येक दारात बत्ती वर धरायची, आत कोण आहे ते बघायचं आणि बाहेर ओढायचं. आजोबांच्या तोंडासमोर बत्ती धरली होती. नंतर पोलिसांनी त्यांना विचारलं, मारणारे कोण कोण होते? आजोबांना एकही नाव सांगता आलं नाही. ते म्हणाले, मला फक्त उजेड दिसला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं आणि ते प्रकरण तिथंच मिटलं. हे सांगून झाल्यावर तुम्ही गाडीचा रेडिओ लावलात.

म्हणून रिव्हॉल्व्हर चालवायला शिकवणाऱ्या क्लासला तुम्ही इतकं मन लावून गेलात असं मला वाटतं. दर शनिवारी सकाळी, गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर. शिकवणारे गृहस्थ शेरीफच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे सरकून ऐकावं लागायचं. आईची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी असायची, म्हणून तुम्ही मला बरोबर न्यायचात आणि मी काचेमागे कानांवर जाड टोप्या लावून बसायचे. आत दिवे बंद व्हायचे. एकेक टॉर्च लागायची आणि विझायची, मधे आवाज. घरी आलात की तुम्ही सगळं ऑफिसच्या चौकोनी रेघांच्या वहीत उतरवायचात, मराठीत, आकृत्यांसकट. टॉर्च डाव्या हातात, अंगापासून दूर आणि थोडी वर, कारण समोरचा माणूस उजेडावर नेम धरतो. किंवा दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, म्हणजे उजेड आणि नळी एकाच दिशेला. भिंत पांढरी असेल तर उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. आरसा असेल तर आणखी वाईट. आणि एका पानावर एकच वाक्य, खाली दोन रेघा ओढलेलं: आधी हात बघायचे, मग चेहरा, आणि दोन्ही दिसल्याशिवाय काही करायचं नाही. ते पान वाचून दुसऱ्या दिवशी तुम्ही पॅसेजमधला आरसा काढून ठेवलात. आई पुढे कित्येक महिने टोस्टरच्या पत्र्यात बघून कुंकू लावायची.

शनिवारी दुपारी पॅसेजमध्ये आपली प्रॅक्टिस असायची. तिन्ही दारं बंद, फटींना टॉवेल. मी बैठकीच्या बाजूला अंधारात उभी राहायचे, हातात काहीतरी धरून. तुम्ही तुमच्या खोलीच्या दारात. सरांनी बजावलं होतं की रिकामं असलं तरी पिस्तूल माणसावर रोखायचं नाही, म्हणून तुमच्या उजव्या हातात आईचं लाटणं असायचं आणि डाव्यात ती टॉर्च. क्षणभर उजेड लावून विझवायचा आणि माझ्या हातात काय आहे ते सांगायचं. "पाकीट." बरोबर. "रिमोट." बरोबर. मी किचनमधून शोधून शोधून वस्तू आणायचे. एकदा वांगं आणलं होतं. उजेड लागला, विझला, बराच वेळ काही आवाज नाही, आणि मग अंधारातून तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "वांगं." मी भिंतीला टेकून हसले होते. तुम्हीही हसलात. एकदा आई लवकर आली, दार उघडून बघते तर नवरा लाटणं रोखून उभा आणि पोरीच्या हातात केस वाळवायचं मशीन. "काय करून राहिले तुम्ही? तिला काय शिकवून राहिले?" तुम्ही म्हणालात, "तिला नाही, मी शिकतोय. ओळखायला शिकतोय." आई टॉवेल गोळा करून आत गेली. बाबा, मला ती प्रॅक्टिस आवडायची. इतर वेळी तुम्ही माझ्या मार्कांकडे बघायचात, अक्षराकडे, केसांकडे. त्या एका क्षणात मात्र तुम्ही माझ्याकडे पूर्ण लक्ष देऊन बघायचात.

आता तो दिवस.

जानेवारी. मी बारा वर्षांची. टेक्ससमध्ये पडतो तसला बर्फ, पांढरा मऊ नव्हे, रात्रीच्या पावसाचा गोठून झालेला काचेसारखा थर. शाळा बंद, रस्ते बंद, तुमचं ऑफिस बंद. आई आदल्या दिवशीच्या ड्यूटीवर गेली ती हॉस्पिटलमध्येच अडकली होती, सकाळी तिचा फोन आला की जमेल तेव्हा निघते. बाराच्या सुमाराला वीज गेली. हीटर बंद. आपण ब्रेडवर लोणचं लावून खाल्लं, वर चिवडा. तुम्ही दोन स्वेटर घालून, डोक्याला मफलर गुंडाळून खिडकीशी ऑफिसचे कागद वाचत बसला होतात. तीनच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई आल्या. ब्लँकेट्स पुरेशी आहेत का विचारायला आल्या होत्या. तुम्ही दारात उभे राहून त्यांच्याशी बोलू लागलात. आपल्याकडे पुरेशी आहेत, पण तुम्हाला काही लागलं तर, असं काहीतरी तुम्हाला म्हणायचं होतं, आणि मधे एक शब्द अडला. तुम्ही तो शोधत होतात. मी मागून पुढे झाले आणि भराभर सांगून टाकलं. बाई माझ्याकडे वळल्या. मग त्या माझ्याशीच बोलल्या, माझं कौतुक केलं, मला म्हणाल्या, तुझ्या बाबांना सांग की नळ थोडे चालू ठेवा. तुम्ही बाजूलाच उभे होतात. त्या गेल्यावर तुम्ही दार लावलंत.

"मी बोलत होतो ना?"

"यू वेअर स्टक, बाबा."

"मराठीत. आणि माझ्या वतीनं बोलायचं नाही. परत कधीही नाही. मला तोंड आहे."

मी पाठ फिरवली. खोलीत गेले, ब्लँकेटमध्ये शिरले आणि ठरवलं की आज तुमच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. बँकेत, दवाखान्यात, फोनवर, नऊ वर्षांची असल्यापासून मी तुमच्या आणि आईच्या वतीनं बोलत होते. कुणी थँक यू म्हटलं नव्हतं, मी मागितलंही नव्हतं. तुम्ही थोड्या वेळानं दारात येऊन उभे राहिलात. "चहा करता येणार नाही, गॅस पण विजेवरचा आपला," असं काहीतरी म्हणालात, हसवायला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग तुम्ही तुमच्या खोलीत जाऊन आडवे झालात. एरवी दाराची साखळी तुम्ही कधी विसरायचा नाहीत. त्या दिवशी मुद्दाम काढून ठेवली होती, आई आली तर तिला बाहेर थंडीत उभं राहायला लागू नये म्हणून.

साडेपाचच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर अजून थोडं दिसत असेल, पण घरात पूर्ण अंधार होता. दोनदा वाजलं. मग आवाज आला, मोठा, लांबवलेला, तिकडच्या लोकांसारखा अर्धा गिळलेला. "मेंटेनन्स!" आणि पुन्हा एकदा, "मेंटेनन्स, फोक्स!" तो आपल्या इमारतीत नळ आणि हीटर दुरुस्त करणारा माणूस होता. चाळिशीचा, लाल दाढी, शर्टाच्या खिशात सदा एक पेचकस. तुम्ही त्याला ओळखत होतात. उन्हाळ्यात त्यानं आपलं सिंक दुरुस्त केलं होतं आणि आईनं त्याला शिरा दिला होता. नंतर कळलं की तो सगळ्या घरांतून नळ थोडे उघडे करत फिरत होता, पाईप फुटू नयेत म्हणून. त्याच्याकडे सगळ्या दारांच्या किल्ल्या असायच्या. किल्ली कुलपात फिरली. मला तुमच्या पलंगाचा आवाज आला, मग खालचा ड्रॉवर.

मला सगळं कळत होतं. तो कोण आहे ते कळलं होतं आणि तुम्ही काय उचललंत तेही. तुमचं इंग्रजी पुस्तकातलं होतं, बाबा. भिंतीपलीकडून, मफलरमधून, तसल्या उच्चारात आलेला शब्द तुम्हाला शब्द म्हणून ऐकू आला नसणार. माणसाचा आवाज ऐकू आला असेल, घरात शिरणाऱ्या माणसाचा. मला फक्त एवढंच ओरडायचं होतं, बाबा, तो नळवाला आहे. चार शब्द. तोंडापर्यंत आले होते. मी ओठ मिटून पडून राहिले. माझ्या वतीनं बोलायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्या क्षणी माझ्या मनात भीती नव्हती. तुम्हाला स्वतःला कळू दे, एवढंच होतं.

माझं दार अर्धं उघडं होतं. पलंगावरून पॅसेजचा एक उभा तुकडा दिसत होता. डावीकडून एक उजेड आला, हलता, बाथरूमचं दार शोधणारा. उजवीकडून तुमचा आवाज, "हू इज देअर? स्टॉप!" आणि तुमचा उजेड. तो दचकला असेल, त्यानं टॉर्च आवाजाच्या दिशेनं वळवली. दोन्ही उजेड माझ्या दारासमोर एकमेकांत घुसले आणि तो तुकडा इतका पांढरा झाला की भिंतीवरची भेग दिसली. तो काहीतरी म्हणत होता. त्याच वेळी गोळी सुटली. त्या एवढ्याशा जागेत तो आवाज आवाजासारखा वाटलाच नाही, कानावर कुणी थप्पड मारावी तसा वाटला. त्याची टॉर्च खाली पडली आणि गोल फिरत राहिली. तिचा उजेड माझ्या दारावरून दोनदा गेला. आणि तो माणूस हळूच म्हणाला, "ओह." हातातून काही सांडल्यावर म्हणतात तसं.

मग तुम्ही हाक मारलीत, "बेटा, फोन." मी उठले, अंधारात फोन शोधला आणि बोलले. पत्ता सांगितला, काय झालं ते सांगितलं, माझा आवाज अगदी नीट होता. परत आले तेव्हा तुम्ही गुडघ्यांवर बसला होतात आणि टॉवेल त्याच्या कोपरावर दाबून धरला होतात. त्याच्या उजव्या हातात अवजारांची पेटी होती, म्हणून त्यानं टॉर्च डाव्या हातात अंगापासून दूर धरली होती. तुम्ही उजेडावर गोळी झाडलीत, म्हणून ती कोपराला लागली. छातीशी धरली असती तर. तुम्ही सारखं म्हणत होतात, "सॉरी सर, आय ॲम सॉरी सर." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे हनी, टेल युवर डॅडी टू प्रेस हार्डर."

"बाबा, अजून जोरात दाबा," मी म्हणाले. दुपारपासून तुमच्याशी बोललेले ते माझे पहिले शब्द.

पोलिसांनी मला वरच्या बाईंच्या घरी बसवलं. टेबलावर मेणबत्ती, माझ्या हातात कोमट दुधाचा कप. एक पोलीस माझ्यासमोर वाकून बसला, वही गुडघ्यावर. त्याचा बोलण्याचा सूर मऊ होता. त्यानं विचारलं, दार वाजलेलं ऐकलंस का? कुणी हाक मारली का? तुझे बाबा म्हणतात त्यांनी ऐकलं नाही. खिडकीतून तुम्ही दिसत होतात, पार्किंगमध्ये, अंगावर कुणाचं तरी ब्लँकेट, पाय बर्फावर घसरू नयेत म्हणून एका जागी ताठ उभे. मी म्हणाले, "नो." त्यानं ते लिहून घेतलं. लोकांना नंतर वाटत राहिलं की मी घाबरलेली लहान मुलगी, बापाची बाजू घेणारच. तसं नव्हतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू बाबांना सांगितलं का नाहीस? मी तो प्रश्न येऊ दिला नाही, बस.

खटला झाला नाही. ग्रँड ज्युरीनं कागद बघितले आणि पुढे काही करायचं कारण नाही असं ठरवलं. तुमच्या जागी कुठलाही घरमालक असता तरी त्यानं हेच केलं असतं, असं तपास करणारा डिटेक्टिव्ह तुम्हाला म्हणाला आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला. आपण तर भाड्यानं राहत होतो. तुमच्या ऑफिसात लोक तुमच्याशी आधीपेक्षा जास्त बोलू लागले. कुणीतरी दाराशी पेकान-पाय, अक्रोडासारख्या पेकानचा गोड पदार्थ, आणून ठेवला. आईनं तो फेकला नाही, खाल्लाही नाही, फ्रिजमध्ये ठेवला आणि तो तिथं तीन आठवडे होता. त्या माणसानं जबानीत सांगितलं होतं की मी दोनदा दार वाजवलं, दोनदा ओरडलो. त्याच्या सांगण्याला कुणाचाच दुजोरा नव्हता. त्याचा कोपर कायमचा वाकलेला राहिला. वजन उचलता येईना म्हणून अपार्टमेंटवाल्यांनी त्याला काढलं. त्याच्या जागी एक तरुण मुलगा आला. आई सकाळी पंचशील म्हणायची, पण हिंसा न करण्याचं पहिलं शील मनातल्या मनात, बाकीची चार मोठ्यानं. मला ते ऐकू यायचं, म्हणजे ऐकू न येणारं ऐकू यायचं. तुम्हीही ऐकत असालच. आपण जेवायचो, भांडी घासायचो, नवा टीव्ही आणला होता तो बघायचो.

मार्चमध्ये तुमचे क्लासचे सर घरी आले होते. पोलिसांनी रिव्हॉल्व्हर कागदी पिशवीतून परत दिलं होतं आणि ते घेऊन जा म्हणून आईनंच त्यांना माझ्याकडून फोन करवला होता. ते टेबलाशी बसले, चोर बसला होता त्याच खुर्चीवर. त्यांनी तुम्हाला हळू आवाजात विचारलं, "तुम्ही उजेड लावला होता?"

"यस सर."

"मग काय दिसलं?"

तुम्ही खूप वेळ घेतलात. मला शब्द माहीत होता, पण मी मधे बोलले नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, "लाइट. ओन्ली लाइट."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. "मग तिथंच थांबायचं असतं," ते म्हणाले. पिशवी उचलली, आईला नमस्कार केला, आपल्याकडे करतात तसा हात जोडून, कुठंतरी पाहिला असेल, आणि गेले. तुम्ही आरसा परत भिंतीवर लावलात. टॉर्च मात्र परत कधी हातात घेतली नाहीत. पुढे घर घेतलं, तिथंही वीज गेली की तुम्ही भिंतीला हात लावत चालायचात.

आणि तेव्हापासून तुम्ही मला पुढे करू लागलात. बँकेत, दुकानात, माझ्या शाळेत माझ्याच बाईंसमोर. "तू बोल." मी म्हणायचे, बाबा, तुम्हाला येतं. तुम्ही म्हणायचात, "नाही, तू बोल." मला वाटायचं ही शिक्षा आहे, तुम्हाला कळलं आहे आणि तुम्ही मला रोज थोडी थोडी देत आहात. मग वाटायचं, तसं नाही, तुमचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला आहे. दोन्हींतलं कुठलं खरं, हे मी विचारलं नाही. तुम्हीही मला कधी विचारलं नाहीत की तू तर जागी होतीस, तुला काही ऐकू आलं होतं का? पोलिसानं विचारलं, आईनं एकदा विचारलं, तुम्ही चौदा वर्षांत एकदाही नाही.

आईनं विचारलं ते असं. मी चौदा वर्षांची होते, आम्ही दोघी किराणा दुकानात रांगेत उभ्या, आणि तो पुढे होता. दाढी पांढुरकी झालेली, डावा हात पोटाशी मुडपलेला, उजव्या हातानं एकेक वस्तू पट्ट्यावर ठेवत होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि हसला. "हाऊज युवर डॅडी?" म्हणाला. फाइन, मी म्हणाले. आई जमिनीकडे बघत होती. मग तो जरा खाली वाकून, अगदी साधेपणानं म्हणाला, "यू हर्ड मी हॉलर, डिडन्ट यू, हनी? दॅट डे?" त्याला भांडायचं नव्हतं. त्याला फक्त हवं होतं की जगात आणखी एका माणसानं म्हणावं, हो, तू हाक मारली होतीस. मी म्हणाले, "नो, सर." त्यानं मान डोलावली, "ओके," पिशवी उचलली. गाडीत आईनं किल्ली फिरवली नाही. "खरं बोलली का तू?" "हो." मग तिनं गाडी सुरू केली. तिला कळलं होतं असं मला वाटतं. ती परवा-परवापर्यंत होती, तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सव्वीसची होते. छातीत नळ्या, डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, दुखतंय का, किती दुखतंय, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तू बोल." तुमचं दुखणं मला कुठून माहीत असणार. मी म्हणाले, मध्यम. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यानंतर दोन दिवस होते. खोलीत आपण दोघंच, आई घरी अंघोळीला गेलेली, असेही तास त्यात होते. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, भाषांतर करून.

मला रडू येत नाही, बाबा, तेव्हाही आलं नाही. मी काउंटीच्या पाणी खात्यात काम करते, बिलांच्या तक्रारी ऐकते, लोक म्हणतात मी शांत आहे. आता खरं सांगते. मी हे लिहायला बसले ते तुमच्यासाठी नव्हे. तो नळवाला अजून आहे. इथून दोन तासांवरच्या गावात, पंच्याहत्तरीच्या पुढचा, मुलीकडे राहतो. पत्ता मी मागच्या महिन्यात शोधून काढला, तो कागद या टेबलावर आहे. मी त्याला पत्र लिहायला घेतलं होतं. डिअर सर लिहिलं आणि पुढे तासभर काही सुचलं नाही. मग कागद बदलला आणि बाबा लिहिलं, तर हे सगळं भराभर आलं. यातला एक शब्दही त्याला वाचता येणार नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर पाठवावं लागलं असतं.